शिडाच्या छोट्या बोटीतली गळती: शोध आधी, सीलंट नंतर

जुनी वीस-बावीस फुटी फायबरची शिडाची बोट घेतली, बेलापूर-दिवाळ्याच्या बाजूला खाडीत नांगरून ठेवली, आणि पुढच्या रविवारी पायाखालची फळी उचलली तर खाली चार बोटं काळं पाणी. यानंतर नवा मालक हमखास हार्डवेअरच्या दुकानात जातो, सिलिकॉनची ट्यूब आणतो आणि दिसेल त्या फटीवर बोटाने लेप देत सुटतो. पंधरा दिवसांनी पाणी तेवढंच असतं, आणि खरी फट आता सिलिकॉनखाली दडलेली असते.

ठाण्या-नवी मुंबईतल्या सोसायटीत राहणाऱ्याला हे नवं वाटू नये. हॉलच्या छताला जिथे ओल उमटते, त्याच्या बरोबर वर बाथरूम असतंच असं नाही. पाणी स्लॅबमधून वाट काढत दहा फूट लांब येऊन टपकतं. फायबरच्या बोटीला आतून दुसरा साचा बसवलेला असतो आणि दोन्हींच्या मधल्या पोकळीत पाणी हवं तिकडे फिरतं. डोलकाठीजवळ शिरलेला पाऊस मागच्या बाकाखाली सापडतो. म्हणून पाणी कुठलं, ते कधी येतं आणि किती येतं, या तीन प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत ट्यूबचं झाकण उघडायचं नाही.

पातळी वाढत असेल तर

डोळ्यांदेखत पाणी चढत असेल तर शोधाशोध नंतर. बोटीच्या तळाला काही भोकं मुद्दाम पाडलेली असतात: इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणारं, सिंकचं, टॉयलेटचं. प्रत्येकावर एक झडप असते, तिला सीकॉक म्हणतात. सगळे सीकॉक बंद करा. पाणी थांबलं तर दोष झडपेच्या पुढच्या पाइपात आहे, आणि निम्मा शोध तिथेच संपला.

एखादा पाइप निसटला तर काय होतं याचा अंदाज असू द्या. पाण्याच्या रेषेखाली अर्धा मीटर खोल, २५ मिलिमीटर व्यासाच्या भोकातून मिनिटाला सुमारे ५५ लिटर पाणी आत येतं. ताशी ५०० गॅलनचा म्हणून मिळणारा छोटा पंप कागदावरसुद्धा मिनिटाला तीसेक लिटरच फेकतो, आणि पाइप वर चढवलेला असल्याने प्रत्यक्षात आणखी कमी. म्हणून प्रत्येक सीकॉकला त्याच्या मापाचं मऊ लाकडाचं निमुळतं बूच दोरीने बांधून ठेवायचं. कुठलाही सुतार अर्ध्या तासात करून देईल. बोट विकत घेतल्यावर माझ्या मते पहिला खर्च हाच.

आणखी एक गोष्ट. फळी उचलल्यावर कुठलाही स्विच दाबण्याआधी वास घ्या. पेट्रोलची वाफ आणि स्वयंपाकाचा गॅस दोन्ही हवेपेक्षा जड, ते तळाशीच साचतात. वास आला तर पंप चालू करायचा नाही, हाताने उपसायचं.

कोरडं करा आणि मोजा

पातळी स्थिर असेल तर सगळं पाणी उपसा. मग, आणि हे बरेच जण टाळतात, तळ गोड्या पाण्याने धुऊन पुन्हा स्पंजने कोरडा करा. जुनं मीठ आणि तेलाचा थर तसाच राहिला तर पुढच्या सगळ्या तपासण्या फसतात.

आपोआप चालू होणारा पंप असेल तर बोटीवर असेपर्यंत तो बंद ठेवा. असा पंप बोट वाचवतो, पण गळती लपवतोसुद्धा. कित्येक मालकांना आपली बोट गळते हे बॅटरी उतरल्यावरच कळतं. किनाऱ्यावर परतताना मात्र तो चालू करायला विसरू नका.

आता मोजमाप. तळाच्या सर्वांत खोल भागात पेन्सिलने खूण करा, आणि पुढच्या भेटीत जमलेलं पाणी मापाच्या मगाने उपसून वहीत लिहा. सोबत चार गोष्टी टिपा: मधल्या काळात पाऊस झाला का, इंजिन चालवलं का, शीड लावून फिरलात का, आणि उधाण (मोठी भरती) होतं की भांग (लहान भरती). सेकंदाला एक थेंब दिवसाला चार लिटरच्या वर जातो, आठवड्याला तीसेक लिटर. त्यामुळे बादलीभर पाणी बघून मोठ्या भोकाची कल्पना करायचं कारण नाही. बारीक पाझरसुद्धा तेवढं भरतो.

हे पाणी कुठलं?

बोटींवरच्या मार्गदर्शनात सर्रास सांगतात की जिभेला लावून बघा, खारट की गोड. ठाणे खाडीत हे करू नका. दोन्ही काठांवरच्या शहरांचं आणि कारखान्यांचं सांडपाणी यात उतरतं. घरच्या आरओ फिल्टरचा माणूस जो टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) घेऊन येतो तोच घ्या, काहीशे रुपयांत मिळतो. नळाचं पाणी काहीशेच्या आत आकडा दाखवतं, पावसाचं त्याहून कमी. समुद्राचं पाणी ३५,००० च्या आसपास असतं, त्यामुळे साधा मीटर त्यात हात टेकतो आणि मर्यादेबाहेर गेल्याची खूण दाखवतो. आपल्याला तेवढं पुरतं.

पावसाळ्यात मात्र सावध. वरून येणाऱ्या पाण्याने खाडी सौम्य होते, विशेषतः कळवा-ऐरोलीकडच्या अरुंद भागात, आणि खाडीचंच पाणी मीटरवर बरंच कमी दिसू शकतं. म्हणून बोटीशेजारचं बादलीभर पाणी काढून त्याचा आकडा आधी घ्यायचा आणि आतल्या पाण्याशी ताडून पाहायचा.

आकडा गोड्या पाण्याचा निघाला तर दोनच वाटा: पाऊस किंवा बोटीतली पिण्याच्या पाण्याची टाकी. टाकीत खायचा रंग थोडा टाका. तळात रंगीत पाणी आलं की झालं. पाण्यावर तेलाची साय असेल तर इंजिनाभोवती बघा. खारं असेल तर पुढचा प्रश्न.

कधी येतं?

इथे वही कामाला येते. नुसत्या नांगरलेल्या बोटीत रोज सारखं पाणी येत असेल तर गळती पाण्याच्या रेषेखाली आहे. इंजिन चालवल्यावरच येत असेल तर बोट ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा जिथून बाहेर जातो ती जागा, किंवा थंडाव्याच्या पाण्याचे पाइप. शीड भरून बोट एका कुशीवर कलल्यावरच येत असेल तर एरवी पाण्याच्या वर राहणारी फट कललं की बुडते: डेक आणि खालचं कवच जुळतात तो सांधा, किंवा कडेची एखादी फिटिंग. कुठल्या कुशीवर कलल्यावर आलं तेही लिहा, शोधाची जागा अर्धी होते. कधी कधी सिंकच्या किंवा पंपाच्या पाइपातूनच पाणी उलटं आत येतं. पंपाचा पाइप बाहेर जाण्याआधी पाण्याच्या रेषेच्या बराच वर उलट्या यू आकारात नेलेला नसेल, तर पंप बंद पडल्यावर तोच सायफन होतो. पाणी उपसायला आणलेला पंपच पाणी भरतोय, हे एकदा तरी तपासावंच.

आपल्या खाडीचा एक खास गुंता आहे. उधाणाला भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो, आणि काठाजवळची बोट ओहोटीला चिखलात बसते. हा गाळ इतका बारीक की बारीक चीर तो स्वतःच बुजवतो. बोट घासून-पुसून स्वच्छ केली आणि दुसऱ्याच दिवशी गळू लागली, तर रंगाऱ्याला दोष देण्याआधी हे आठवा.

रेषेखालचा शोध

टॉर्च, टिश्यू पेपर आणि टाल्कम पावडर एवढंच लागतं. संशयाची जागा फडक्याने कोरडी करायची, पावडर भुरभुरायची आणि पंधरा मिनिटं चहा प्यायचा. पावडरीत पाण्याची रेघ उमटते आणि ती सुरू होते तिथे गळती असते. पाइपांच्या सांध्यांभोवती टिश्यू गुंडाळला की ओल बोटाआधी कागदाला कळते.

क्रमाने जा. आधी सीकॉक आणि त्यांचे पाइप. पाइपावरच्या क्लिपा दिसायला स्टीलच्या, पण पट्टी चांगली आणि स्क्रू साध्या लोखंडाचा असं बऱ्याचदा असतं. लोहचुंबक लावून पाहा. स्क्रूला घट्ट चिकटला तर बदला. रेषेखालच्या पाइपाला प्रत्येक टोकाला दोन क्लिपा हव्यात. झडप नळाच्या दुकानातली पितळी असेल तर ती खाऱ्या पाण्यात टिकत नाही: पितळेतलं जस्त निघून जातं, मागे गुलाबीसर, ठिसूळ तांबं उरतं आणि एक दिवस दांडा हातात येतो. गनमेटलची झडप मागा. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला झडपा आणि ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे नट-बोल्ट दोन्ही मिळतात. जुन्या जहाजी फिटिंगसाठी दारूखान्यात (मुंबईतला जहाजी भंगाराचा बाजार) चक्कर मारायला हरकत नाही, पण तिथे धातू ओळखणारा कोणी सोबत असू द्या.

मग ग्लँड, म्हणजे इंजिनाचा दांडा बाहेर जातो तिथली दोरीची पॅकिंग. हिच्यातून दांडा फिरताना मिनिटाला दोन-चार थेंब यायलाच हवेत, तेच तिला थंड ठेवतात. दांडा थांबल्यावर थेंब थांबले किंवा जवळजवळ थांबले पाहिजेत. जास्त येत असेल तर नट पाव फेरा आवळा आणि इंजिन चालवून हात लावा: ग्लँड कोमट चालेल, गरम नको. आवळून भागत नसेल तर दोरी बदला. एकच लांब तुकडा गुंडाळायचा नाही. वेगवेगळी कडी कापून प्रत्येकीचा सांधा आधीच्या सांध्यापासून तिसरा हिस्सा फिरवून बसवायचा. दिवाळे, सारसोळे, वाशीगाव, कुठल्याही कोळीवाड्यात हे डोळे मिटून करणारा मिस्त्री भेटेल. त्याच्याकडून एकदा करून घ्या, शेजारी बसून पाहा, पुढच्या वेळी स्वतः करा.

बोटीला वर-खाली होणारी मधली फळी असेल, जिला सेंटरबोर्ड म्हणतात, तर ती फिरते त्या खिळीचे वॉशर झिजलेले असतात. खाली जड कील (तळाचा वजनदार कणा) बोल्टांनी जोडलेला असेल आणि त्या सांध्यात आडवी चीर दिसत असेल, बोल्टांभोवती तांबूस पाणी जमत असेल, तर हे नवख्याचं काम नाही. बोट वर काढून जाणकाराला दाखवा. तोवर फिरायला नेऊ नका.

बाहेरून तपासायला आपल्याकडे क्रेन लागतेच असं नाही. उधाणाच्या भरतीला बोट उतरत्या, कठीण तळाच्या धक्क्याशी न्यायची, ओहोटी लागली की दोन-तीन तास तळ उघडा मिळतो. मात्र कठीण जागाच निवडा. खाडीच्या मऊ चिखलात एकट्याने उतरायचं नाही, कमरेपर्यंत रुतायला वेळ लागत नाही. आणि खारफुटीत बोट ओढायची नाही, तिला कायद्याचं संरक्षण आहे. तळ आधीच आतून ओला असेल तर बाहेर उलटी गंमत दिसते: पाणी जिथून आत येत होतं तिथूनच आता बाहेर ठिबकतं. खडूने खूण करून ठेवा.

डेकवरचा शोध

पावसाचं पाणी जास्त छळतं, कारण इथे संशयित पन्नास असतात. डेकवरची प्रत्येक कडी, प्रत्येक स्क्रू, खिडक्यांच्या चौकटी, डोलकाठीचा पाया.

दोन माणसं लागतात. एक आत टॉर्च घेऊन, एक बाहेर नळाचा पाइप घेऊन. धक्क्यावर नळ नसेल तर कॅन आणि झारी चालेल. सुरुवात सर्वांत खालच्या जागेपासून करायची आणि हळूहळू वर चढायचं. वरून सुरू केलंत तर पाणी ओघळत खालच्या सगळ्या सांध्यांवरून जाईल आणि आत ठिपका दिसला तरी कुठल्या सांध्यातून आला ते कळणार नाही. एका जागी किमान दहा मिनिटं, जोरात फवारा न मारता नुसतं वाहतं पाणी. आतल्या माणसाने छताचं अस्तर, कपाटांच्या पाठी, जे काढता येईल ते आधी काढून ठेवावं. घाई केली की ही चाचणी फुकट जाते.

तरीही सापडत नसेल तर उलट बाजूने जा. सगळ्या खिडक्या-झडपा बंद करून कागदी चिकटपट्टीने फटी बुजवा, एका झरोक्यातून ब्लोअरने हवा आत सोडा आणि बाहेर प्रत्येक फिटिंगवर साबणाचं पाणी ब्रशने लावा. बुडबुडे आले तिथे भोक. मला हीच पद्धत जास्त आवडते. पाणी आत वळणं घेतं, हवा मात्र भोकातूनच बाहेर पडते.

डोलकाठीला आधार देणाऱ्या तारा ज्या पट्ट्यांना बांधलेल्या असतात, त्या पट्ट्या डेकमधून खाली जातात तिथे ओल दिसली तर बाकीचं बाजूला ठेवा. तिथलं पाणी खालचं प्लायवूड कुजवतं, आणि हवा न मिळालेलं स्टेनलेस स्टील ओलीत आतून गंजतं. ही पट्टी तुटली तर डोलकाठी कोसळते. उलट, डोलकाठी डेकमधून थेट तळापर्यंत जात असेल तर तिच्या आतून थोडं पावसाचं पाणी येणारच. दोऱ्यांची भोकं बंद करता येत नाहीत. ते सोडून द्या.

दुरुस्ती

गळकी कडी सापडली की तिच्याभोवती बाहेरून लेप देणं ही दुरुस्ती नव्हे. ती पूर्ण काढायची. जुनं सीलंट खरवडायचं, एसिटोनने पुसायचं (झरोके उघडे, विडी-सिगारेट लांब). डेकच्या दोन थरांमध्ये लाकूड असतं. भोकात स्क्रू ड्रायव्हर फिरवून ओला भुसा निघाला तर नुसतं सीलंट उपयोगाचं नाही. भोक मोठं करा, ओलं लाकूड कोरून काढा, पूर्ण वाळू द्या, त्यात घट्ट कालवलेलं इपॉक्सी भरा आणि ते कडक झाल्यावर मूळ मापाचं भोक पुन्हा पाडा. आता पाणी आलं तरी लाकडापर्यंत जाणार नाही. भोकाच्या तोंडाला थोडी उतरती खाच द्या म्हणजे तिथे सीलंटचं कडं तयार होतं.

सीलंट कुठलं? सिलिकॉन नकोच. ते सुटतं, आणि त्याचा अंश राहिला की त्यावर पुढे काहीच चिकटत नाही, रंगसुद्धा. डेकवरच्या कड्यांना ब्यूटाइल टेप उत्तम: कधीच कडक होत नाही, चूक झाली तर काढता येते. पण रेषेखाली किंवा डिझेल-पेट्रोल सांडतं तिथे ती वापरू नका. रेषेखाली सिकाफ्लेक्स २९१ सारखं पॉलियुरेथेन. थ्रीएम ५२०० मात्र कायमचं आहे, पुढे कधी उघडावं लागणार नाही तिथेच लावा. पॉलिसल्फाइड चांगलं, पण अ‍ॅक्रिलिक-पॉलिकार्बोनेटच्या खिडक्यांना ते खातं.

बसवताना कडी हलकीच आवळा, सीलंट सगळ्या बाजूंनी बाहेर डोकावेल इतकीच. पूर्ण दाबली तर सगळं बाहेर पडतं आणि मध्ये काहीच उरत नाही. ते सुकल्यावर दुसऱ्यांदा आवळा, पण वरचा बोल्ट धरून खालचा नट फिरवा. बोल्ट फिरला की त्याच्याभोवतीचं नुकतं बसलेलं सीलंट सुटतं.

एम-सील? पाण्यावर असताना चीर तात्पुरती बुजवायला जवळ असावं. पण ते दगडासारखं होतं आणि बोट सतत लवते, त्यामुळे कायमची दुरुस्ती म्हणून त्याच्यावर विसंबू नका.

फायबरला चीर असेल तर ती बारापट रुंदीने उतरती घासून वर मॅट (काचतंतूंचं कापड) आणि रेझिनचे थर द्यावे लागतात, म्हणजे ५ मिलिमीटर जाडीला प्रत्येक बाजूला ६० मिलिमीटर. इथे एक गंभीर इशारा. आपल्याकडे पॉलिएस्टर रेझिनसोबत कोबाल्ट आणि हार्डनर अशा दोन बाटल्या वेगळ्या मिळतात. त्या दोन गोष्टी थेट एकमेकींत कधीही मिसळायच्या नाहीत, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मग हार्डनर, साधारण एक ते दोन टक्के. डोळ्यांना चष्मा हवाच. इपॉक्सी घेतलंत तर मे महिन्यात वाटीभरच कालवा. तापमान दहा अंशांनी वाढलं की कामाचा वेळ निम्मा होतो. पावसाळी दमटपणात इपॉक्सीवर चिकट मेणचट थर येतो, तो पाण्याने धुतल्याशिवाय पुढचा थर धरत नाही. ही कामं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरकावीत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदीत कोळीवाड्यातल्या होड्या वर असतात आणि कारागीर सापडतात हे खरं, पण रेझिनला तो काळ मानवत नाही.

डिंगी असेल तर

वर उचलून ठेवायच्या छोट्या डिंगीत तळाला पाणी नसून दोन्ही बाजूंच्या बंद हवेच्या टाक्यांत पाणी सापडतं. कारण साधं आहे: भर दुपारी धक्क्यावर टाकीतली हवा तापून फुगते आणि बारीक भोकांतून बाहेर जाते, मग बोट पाण्यात ढकलली की हवा थंड होऊन आकसते आणि त्याच भोकांतून पाणी ओढून घेते. उपाय म्हणजे उतरवण्याआधी बोट सावलीत ठेवणं आणि बूच पाण्यात उतरवायच्या अगदी आधी लावणं. टाकी तपासताना साबणाचं पाणी लावून तोंडाने किंवा सायकलच्या पंपाने अगदी हलकी हवा भरा. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर लावाल तर टाकीचे सांधे उकलतील.

पावसाळ्याआधी

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. पाच चौरस मीटरच्या उघड्या भागावर एका दिवसात १०० मिलिमीटर पडला की ५०० लिटर, आणि आपल्याकडे जुलैत असा दिवस नवलाचा नाही. गळती एकही नसताना बोट अशी बुडते, कारण बसायच्या जागेची निचऱ्याची भोकं पानांनी आणि कावळ्यांनी आणलेल्या कचऱ्याने तुंबतात. मेअखेर तारेने साफ करा, वर ताडपत्री मधोमध उंच बांधा म्हणजे तिच्यात पाणी साचणार नाही. जमत असेल तर बोट जमिनीवरच आणा, नाळेची (पुढची) बाजू थोडी उंच ठेवा आणि तळाचं बूच काढून टाका. काढलेलं बूच सुकाणूच्या दांड्याला दोरीने बांधून ठेवा, म्हणजे ऑक्टोबरात बोट पाण्यात ढकलण्याआधी ते हाताला लागेल.